समरूप जुळी, एकच डीएनए, तरी मिथायलेशन वेगळं: मोजायचं कसं?

पूर्वा_भुसावळ · शनिवार, रात्री ९:१०

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी समरूप जुळ्यांमधले एपिजेनेटिक फरक (डीएनएची अक्षरं तीच, पण त्यावर चिकटलेल्या मिथाइल गटांसारख्या खुणा वेगळ्या) हा विषय जवळपास ठरलाय. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून दहा-बारा जोड्या तयार होतील. हाताशी साधं पीसीआर मशीन, जेलची टाकी आणि उणे वीसचा फ्रीजर आहे. चिप (एकाच वेळी लाखो जागांचं मिथायलेशन मोजणारी पट्टी) करायची तर नमुने बाहेर पाठवावे लागतील, तेवढा पैसा नाही.

विचारायचं असं: जोडी खरंच समरूप आहे हे कशावरून धरायचं? रक्त घ्यायचं की गालाचा स्वॅब? आणि एवढ्याशा सामानात खरा फरक दिसेल असं काही आहे का, की जेलचा फोटो चिकटवून मोकळं व्हायचं?

तापीकाठ · शनिवार, रात्री ९:४८

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. "दोघी हुबेहूब दिसतात" यावर जाऊ नका, आणि "एकच वार (प्लासेंटा) होती" या दाईच्या शब्दावरही जाऊ नका. गर्भ वाढताना दोन वारा एकमेकींना चिकटून एकच असल्यासारख्या दिसतात. उलट दोन वेगळ्या वारा म्हणजे भिन्न जुळी, हेही खोटं. फलित बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर समरूप जुळ्यांनाही दोन वारा असतात, आणि समरूप जोड्यांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा अशाच असतात. चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगलं तर वार एक आणि पाण्याच्या पिशव्या दोन. त्याहून उशिरा झालं तर पिशवीही एकच. तेराव्या दिवसानंतर जोडलेली जुळी.

घरात बाळंतपणाची जुनी फाईल असेल तर ११ ते १४ आठवड्यांची सोनोग्राफी शोधा. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला चिकटतो तिथे जाड त्रिकोण असेल, म्हणजे 'लॅम्डा' खूण, तर वारा दोन. पडदा बारीक आणि सरळ काटकोनात असेल, म्हणजे 'टी' खूण, तर वार एक आणि जोडी जवळपास नक्की समरूप. हा तपशील टिपून ठेवाच, पुढे निष्कर्ष काढताना लागणार आहे.

पक्कं करायचं तर एसटीआर, म्हणजे डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींची लांबी जुळवून पाहणं. पंधरा-सोळा जागा दोघींच्या तंतोतंत जुळल्या की झालं. फक्त जुळ्यांचेच नमुने घ्या, आईवडिलांचे घेऊ नका. नको ती माहिती आपल्या फाईलीत कशाला?

रक्तगट_नाना · शनिवार, रात्री १०:३०

रक्त की स्वॅब, यावर दोन मुद्दे.

पहिला मुद्दा वारेचा. वार एक असते तेव्हा दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी दुसरीच्या अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि जन्मभर तिथेच रक्त बनवतात. अशा जोडीचं रक्त तपासलं तर थोडं एकीचं दुसरीत तपासल्यासारखं होतं. फरक खरा असला तरी कमी दिसतो.

दुसरा मुद्दा लोक हमखास विसरतात. रक्त म्हणजे एक पेशी नव्हे. पांढऱ्या पेशींचेच दोन प्रकार घ्या. समजा एक जागा लिम्फोसाइटमध्ये ९० टक्के मिथायलेटेड आहे आणि ग्रॅन्युलोसाइटमध्ये १० टक्के. थोरलीच्या रक्तात लिम्फोसाइट ३० टक्के आहेत. हिशोब: ०.३० गुणिले ९० अधिक ०.७० गुणिले १०, म्हणजे ३४ टक्के. धाकटीला परवा ताप येऊन गेलाय, तिच्या लिम्फोसाइट ४५ टक्के. ०.४५ गुणिले ९० अधिक ०.५५ गुणिले १०, म्हणजे ४६ टक्के. बारा टक्क्यांचा फरक निघाला, आणि एकाही पेशीत एकही मिथाइल गट हललेला नाही. चिपवाले हा हिशोब पेशींच्या प्रमाणावरून वजा करतात. तुम्ही किमान त्याच दिवशी दोघींचा सीबीसी डिफरन्शियलसकट (रक्तपेशींची प्रकारवार मोजणी) करून घ्या, आणि नमुना दोघींचा एकाच सकाळी.

स्वॅबही धुतल्या तांदळासारखा नसतो. हिरड्या सुजल्या असतील तर स्वॅबमध्ये पांढऱ्या पेशी जास्त येतात. चूळ भरायला लावा, अर्धा तास काही खाऊपिऊ देऊ नका, मग प्रत्येक गालाला तीस सेकंद घासा. स्वॅब हवेत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. एका स्वॅबमधून साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो, पण त्यात तोंडातल्या जिवाणूंचाही असतो. नॅनोड्रॉप (डीएनए मोजायचं यंत्र) सगळाच मोजतं, म्हणून आकडा फुगलेला असतो हे धरून चाला.

रक्तगट_नाना · शनिवार, रात्री १०:४१

राहिलंच. लेबल. इतर अभ्यासांत दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर जनुकीय खुणांवरून नंतर पकडता येते. चिपवर त्यासाठी ओळखीच्या साठेक जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात. समरूप जुळ्यांच्या त्या सगळ्या जागा सारख्याच. नळ्या एकदा बदलल्या की जगातली कोणतीही तपासणी ती चूक दाखवणार नाही. म्हणून एका वेळी एकीलाच खोलीत घ्या, नळीवर लेबल आधी, सुई नंतर. "मोठी" आणि "लहान" असं लिहू नका, कोड लिहा.

रक्त घेतलंच तर जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, ३ मिली, आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीपालटी. हिरव्या झाकणाची नको, त्यातलं हेपॅरिन पीसीआर अडवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो तेव्हा नळ्या एसटीच्या डिकीत टाकून पाठवू नका. उन्हाने मिथाइल गट झडत नाहीत, तो बंध पक्का असतो. पण पेशी फुटतात, डीएनएचे तुकडे पडतात. थर्मोकोलचा डबा, बर्फाची पाकिटं, आणि नळी व पाकीट यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी. नळी थेट बर्फाला लागली तर रक्त गोठून फुटतं.

गिरणापल्याड · रविवार, सकाळी ७:५५

काय भो, एवढं कशाला? एक अंतराळवीर वर्षभर वर राहून आला, त्याचा ७ टक्के डीएनए बदलला, जुळा भाऊ खालीच होता. व्हॉट्सॲपवर फिरतंय. म्हणजे वातावरणाने डीएनए बदलतो हे सिद्धच झालंय ना?

तापीकाठ · रविवार, सकाळी ८:३०

गिरणाभाऊ, ७ टक्के डीएनए बदलला असता तर परत आलेला प्राणी माणूस राहिला नसता. माणूस आणि चिंपांझी यांच्यातला फरकही एवढा नाही. स्कॉट केली ३४० दिवस अंतराळ स्थानकात होते, त्यांचे जुळे भाऊ मार्क पृथ्वीवर. ७ टक्के हा आकडा होता जनुकांच्या अभिव्यक्तीचा. म्हणजे कोणतं जनुक किती बोलतंय ते परत आल्यावरही काही जनुकांत पूर्ववत झालं नव्हतं. २०१८ मध्ये बातम्यांनी त्याचा डीएनए करून टाकला आणि नासाला खुलासा करावा लागला. मुख्य अहवाल २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. शिवाय ती एकच जोडी आहे.

पाया असा समजा. डीएनएची अक्षरं तीच राहतात. सीच्या पुढे जी आलं की त्या सीवर मिथाइल गट चिकटू शकतो. माणसाच्या जीनोममध्ये अशा सुमारे २.८ कोटी जागा आहेत आणि त्यातल्या बहुतेक, साधारण ७० ते ८० टक्के, मिथायलेटेड असतात. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएमटी-१ हे विकर जुन्या धाग्यावरच्या खुणा पाहून नव्या धाग्यावर उतरवतं. नक्कल शंभर टक्के होत नाही. दर विभाजनाला थोडं सुटतं, थोडं नव्याने चिकटतं. जुळ्यांमधल्या फरकाचा मोठा भाग या निव्वळ गळतीतून येतो. त्याला "संस्कार जीनवर कोरले गेले" असली झालर लावायची गरज नाही.

पूर्वा_भुसावळ · रविवार, सकाळी ९:०५

पण वयानुसार जुळी वेगळी होत जातात हे तर सगळीकडे उद्धृत होतं ना? ३ वर्षांच्या आणि ५० वर्षांच्या जोडीची ती रंगीत गुणसूत्रं.

तापीकाठ · रविवार, सकाळी ९:४०

ती २००५ ची स्पेनमधली पाहणी. ४० जोड्या, वयं ३ ते ७४. लहान जोड्या जवळपास सारख्या, मोठ्या वेगळ्या, आणि ज्या जोड्या कमी काळ एकत्र राहिल्या त्या जास्त वेगळ्या. महत्त्वाचं काम आहे, पण त्यातली ३ वर्षांची जोडी पन्नाशीला पोचलेली कुणी पाहिलेली नाही. वेगवेगळ्या माणसांची तुलना आहे.

नंतरच्या दोन गोष्टी तुमच्या प्रस्तावनेत याव्यात. २०२१ मध्ये आइसलँडमधून आलं की समरूप जुळ्यांचा डीएनएसुद्धा पूर्ण एक नसतो. दुभंगण्याच्या आसपास झालेले सरासरी ५.२ बदल जोडीत वेगळे असतात. म्हणजे 'एकच डीएनए' हे गृहीतकही थोडं सैल धरायचं. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या गटाने उलट बाजू दाखवली. ८३४ जागांवरचं मिथायलेशन समरूप जुळ्यांमध्ये सारखं आणि इतर लोकांपेक्षा वेगळं सापडलं, जणू बीज दुभंगल्याची खूण मोठेपणीही शिल्लक राहते. सगळे फरक शोधत असताना त्यांना साम्याची खूण सापडली. मला तो अभ्यास जास्त रंजक वाटतो.

जेल_आणि_बफर · रविवार, दुपारी १२:२०

आता तिसरा प्रश्न. आधी काय करू नका ते सांगतो.

नेहमीचा स्वस्त मार्ग म्हणजे एचपीए-टू आणि एमएसपी-वन ही दोन कात्री-विकरं. दोन्ही सीसीजीजी हीच जागा ओळखतात. आतल्या सीवर मिथाइल असेल तर एचपीए-टू अडतं, एमएसपी-वन तरीही कापतं. तीन नळ्या, प्रत्येकीत २०० नॅनोग्रॅम डीएनए: पहिली विकराविना, दुसरीत एचपीए-टू, तिसरीत एमएसपी-वन. ३७ अंशाला रात्रभर ठेवून त्या जागेच्या दोन्ही बाजूंनी पीसीआर. दुसरीत बँड (जेलवरचा पट्टा) आला तर जागा मिथायलेटेड. तिसरीत बँड आला तर पचन अर्धवट, सगळं फेकून पुन्हा.

हे शिकवायला उत्तम. जुळ्यांच्या फरकाला निरुपयोगी. का ते पाहा. क्यूपीसीआरवर, म्हणजे डीएनए किती ते मोजणाऱ्या पीसीआरवर, दर एका चक्राला प्रमाण दुप्पट होतं. एका बहिणीत ५० टक्के आणि दुसरीत ५५ टक्के मिथायलेशन असेल तर दोघींच्या सीटीत (कितव्या चक्राला डीएनए दिसू लागला त्या आकड्यात) फरक पडेल ०.१४ चक्राचा. पिपेटचा हात थरथरला तरी याहून जास्त फरक पडतो. आणि बहुतेक जागांवर जुळ्यांतला फरक असा पाच टक्क्यांच्या आतबाहेरच असतो.

चिपचा मोह झाला तर हेही लक्षात घ्या. साडेआठ लाख जागांची चिप धरू. ०.०५ ची पातळी लावली तर नुसत्या योगायोगाने ४२,५०० जागा "वेगळ्या" निघतील. म्हणून या चिपसाठी पातळी ९ गुणिले १० चा उणे आठवा घात अशी धरतात. बारा जोड्यांत ती ओलांडणारं काही मिळणं कठीण. चिपआधीच्या बायसल्फाइट प्रक्रियेसाठी (ती मिथाइल असलेला आणि नसलेला सी वेगळा ओळखू देते) दर नमुन्याला निदान २५० नॅनोग्रॅम चांगला डीएनए लागतो, एका चिपवर आठ नमुने बसतात, आणि जोडी कायम एकाच चिपवर बसवायची. एक बहीण सोमवारच्या चिपवर आणि दुसरी गुरुवारच्या, म्हणजे तुम्ही सोमवार-गुरुवारचा फरक मोजला.

पूर्वा_भुसावळ · रविवार, दुपारी १२:४५

मग उरलं काय?

जेल_आणि_बफर · रविवार, दुपारी १:३०

एक्स गुणसूत्र. फक्त मुलींच्या जोड्या घ्या.

मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद होतो. कोणता, हे गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशीत जवळपास नाणेफेकीने ठरतं, आणि पुढच्या सगळ्या लेकपेशी तेच पाळतात. तिरंगी मांजरीचे ठिपके यातूनच येतात. २००१ मध्ये टेक्सासमध्ये अशाच मांजरीचा क्लोन जन्माला आला, तर पिल्लू मूळ मांजरीच्या रंगाचं निघालंच नाही. जुळ्या बहिणींत नाणी वेगवेगळी पडतात. एकीत ५०:५०, दुसरीत ८०:२०. हा फरक पाच टक्क्यांचा नाही, साध्या सामानात दिसतो. आणि त्याला वजन आहे. समरूप बहिणींपैकी एकीलाच ड्युशेन स्नायूविकाराची लक्षणं, किंवा एकीलाच रंगांधळेपणा, अशा नोंदी याच कारणाने आहेत.

पद्धत: अँड्रोजन रिसेप्टरच्या जनुकात पहिल्या एक्झॉनमध्ये सीएजीची पुनरावृत्ती आहे. बहुतेक स्त्रियांत दोन एक्सवरची लांबी वेगळी असते. तिच्या शेजारी, शंभर अक्षरांच्या आत, एचपीए-टूच्या दोन जागा आहेत. चालू एक्सवर त्या उघड्या, बंद एक्सवर मिथायलेटेड.

प्रत्येकीच्या दोन नळ्या, दोन्हीत २०० नॅनोग्रॅम. एकीत एचपीए-टू, दुसरीत फक्त बफर. ३७ अंशाला रात्रभर, मग ८० अंशाला २० मिनिटं. एका प्रायमरला (पीसीआरची सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) चमकणारा रंग लावून २८-३० चक्रं पीसीआर. तुकड्यांची लांबी मोजायला नमुना बाहेर पाठवा, ते चिपच्या मानाने खूपच स्वस्त.

हिशोब असा. न कापलेल्या नळीत, आलेखावर, आखूड तुकड्याचं शिखर १२००, लांब तुकड्याचं १०००. आखूड तुकडा पीसीआरला सोपा जातो म्हणून तो नेहमी थोडा वर असतो. कापलेल्या नळीत आखूड ९००, लांब ३००. आखूडचा भागाकार ९०० भागिले १२००, म्हणजे ०.७५. लांबचा ०.३०. दोन्हींची बेरीज १.०५. आखूडचा वाटा ०.७५ भागिले १.०५, म्हणजे ७१ टक्के. भागाकार न करता थेट ९०० आणि ३०० धरलेत तर ७५ टक्के येतील, आणि तेच प्रबंधात जाईल.

उलटं वाचू नका. कापल्यावर जो उरला तो मिथायलेटेड, म्हणजे *बंद* एक्स. इथे भले भले घसरतात.

दोन्ही लांबी एकच असेल तर ती जोडी बाद. एकाच पुनरावृत्तीचा फरक असेल तर स्टटर शिखर (पीसीआर घसरून येणारं खोटं शिखर) शेजारच्यावर चढतं, तीही बाद धरा. आणि इथे तापीकाठांची वार परत येते. एक वार असलेल्या जोडीच्या रक्तात एक्सचं प्रमाण बरंचसं सारखं दिसतं. म्हणून गालाचा स्वॅब, आणि निकाल एक वार व दोन वारा असे वेगळे मांडा. तोच तुमच्या प्रकल्पाचा गाभा होईल.

कांदेबाग_यावल · रविवार, संध्याकाळी ६:१५

जुळ्यांच्या जोड्या शोधत फिरताय, आणि इथे रावेर-यावलमध्ये एकेका कंदाची हजार हजार जुळी शेतात उभी आहेत. टिश्यू कल्चरची जी-९ केळी म्हणजे दुसरं काय?

त्यातही एपिजेनेटिक गडबड होते. सगळ्यात स्वच्छ उदाहरण तेलताडाचं. क्लोन केलेल्या काही झाडांची फळं विचित्र, फारच कमी तेलाची येत. २०१५ मध्ये उलगडा झाला: फुलाच्या एका जनुकात 'कर्मा' नावाचा उडता डीएनए बसलाय, त्यावरचं मिथायलेशन उतरलं की फळ बिघडतं. अक्षर एकही बदललेलं नाही. संशोधकांनी त्याला 'बॅड कर्मा' म्हटलं, आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

केळीत प्रयोगशाळेत सबकल्चर (कोंब कापून पुन्हा वाढवणं) जितकी जास्त, तितकी ऑफ-टाइप, म्हणजे मूळ वाणाहून वेगळी, रोपं जास्त. म्हणून साधारण आठ चक्रांवर थांबून नवा कंद घेतात. सगळ्यात जास्त दिसतात ती बुटकी: पानं जवळजवळ, देठ आखूड, घड अडकल्यासारखा निसवतो. हे हार्डनिंगलाच (रोपं बाहेरच्या हवेला सरावतात तेव्हा) ओळखून काढायचं. पण पिवळे पट्टे दिसले की लगेच "लॅबने फसवलं" म्हणू नका. तो बहुधा सीएमव्ही, म्हणजे काकडीच्या मोझॅकचा विषाणू. ऑफ-टाइप सगळ्या पानांवर पहिल्यापासून एकसारखं असतं आणि शेजारी पसरत नाही. सीएमव्ही मावा पसरवतो, बांधावर काकडी-भोपळा असेल तर आणखी, आणि रोज नवं झाड धरतं. ते उपटून पुरायचं, पिलबागेसाठी ठेवायचं नाही.

पूर्वा_भुसावळ · रविवार, संध्याकाळी ७:००

कांदेबाग अप्पा, मग तीन नळ्यांचा प्रयोग केळीच्या पानावर सरावासाठी करू का?

जेल_आणि_बफर · रविवार, संध्याकाळी ७:२५

करा, पण एक खोच आहे. माणसात मिथाइल जवळपास फक्त सीच्या पुढे जी असतो तिथेच बसतं. वनस्पतीत सीसीजीजीच्या बाहेरच्या सीवरही बसतं, आणि तिथे एमएसपी-वनसुद्धा अडतं. म्हणजे तिसऱ्या नळीत बँड आला तर पचन अर्धवट की बाहेरचं मिथाइल, हे कळत नाही. माणसातलं नियंत्रण केळीत नियंत्रण राहत नाही.

डीएनए काढायला न उमललेला पोंगा घ्या, जून पान नको. सीटीएबीच्या बफरमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल घातल्याशिवाय केळीचा चीक तपकिरी होतो आणि विकर चालत नाही.

रक्तगट_नाना · रविवार, रात्री ८:१०

नैतिक समितीची परवानगी नमुना घेण्याआधीची हवी, नंतरची चालत नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं काढून वाचा. १८ च्या आतल्या मुली असतील तर पालकांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकारही. आणि एसटीआरमध्ये जोडी भिन्न निघाली तर घरी सांगायचं की नाही, हे अर्जातच लिहून ठेवा. चाळीस वर्षं "आम्ही एकसारख्या" म्हणत आलेल्या बहिणींना ते ओट्यावर उभं राहून सांगायची गोष्ट नाही.

पूर्वा_भुसावळ · रविवार, रात्री ९:००

ठरलं. फक्त बहिणींच्या जोड्या, गालाचा स्वॅब, अँड्रोजन रिसेप्टर, वारेची नोंद. वडीलधारी कुणी विडी ओढत असेल तर ती नोंद लागेल का?

तापीकाठ · रविवार, रात्री ९:२०

या प्रयोगाला नाही. धूम्रपानाची खूण एएचआरआर जनुकात पडते, सीजी०५५७५९२१ या जागेवर मिथायलेशन घसरतं आणि विडी सोडल्यावर हळूहळू वर येतं. ती जागा तुमच्या यादीत नाही. पुढे कधी घेतलीत तर ध्यानात असू द्या की हा पुरावा धुराचा आहे, मिश्री-गुटख्याला तसाच लावता येणार नाही.

जेल_आणि_बफर · रविवार, रात्री ९:५०

शेवटची एक नळी यादीत वाढवा: कुठल्याही पुरुषाचा डीएनए, एचपीए-टूने कापलेला, दर खेपेला. पुरुषाचा एकच एक्स, तो चालू, म्हणजे उघडा. कापल्यावर त्यात शिखर येता कामा नये. फिकं जरी आलं तरी त्या खेपेतल्या सगळ्या बहिणींचे आकडे ५०:५० कडे ओढले गेलेत असं समजा. तेव्हा ताजं विकर घालून आणखी चार तास ठेवा, पण विकराचं आकारमान एकूण द्रवाच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ देऊ नका. त्यातलं ग्लिसरॉल वाढलं की पचन सुधारायच्या ऐवजी बिघडतं.